उजवा नाही, डावाही नाही

माझ्या अंगात देवाने दोन मूत्रपिंडं घातली आणि त्यांतलं एक माझं नाही, ही बातमी मला माझ्या माहेरून कळली. तीही कुणी समोर बसवून सांगितली नाही. मिठबावहून आईचा फोन आला. तिची सवय अशी की फोन लावायचा आणि मी उचलेपर्यंत शेजारणीशी बोलत राहायचं. मी "हॅलो" म्हणायच्या आतच माझ्या कानावर पडलं, "तेका इचारूक कित्याक व्हया? माझा चेडू तसाच आसा. ता देतला." तिला विचारायला कशाला हवं, माझी मुलगी तशीच आहे, ती देणार. मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

मी हायस्कुलात मराठी शिकवते, त्यामुळे क्रियापदाचं रूप माझ्या कानाला आधी टोचतं. देतला, देतली. आमच्या मालवणीतला हा भविष्यकाळ. पाऊस येतलो, गाडी जातली, ताई देतली. पावसाला कुणी विचारत नाही, गाडीला कुणी विचारत नाही. मला त्याच रांगेत उभं केलं होतं.

ज्याला द्यायचं तो माझा धाकटा भाऊ, दिगू. मिठबावच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. लग्न केलं नाही, पुस्तकांशीच संसार. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा कणकवलीला डायलिसिसला जाणं सुरू झालं. मिठबावहून ती दगदग झेपेना, म्हणून तो आमच्याकडे नांदगावला येऊन राहिला. आंब्याच्या गावातला माणूस, पण आंबा बंद, शहाळं बंद, पाणीसुद्धा पेल्याने मोजून. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाचं मूत्रपिंड मिळालं तर हे सगळं सुटेल, आणि जास्त दिवस थांबू नका. आईचं वय झालेलं. राहिले मी. जुळतंय का ते तरी पाहू, म्हणून मी तपासण्या करून घेतल्या, आणि जुळलं. त्या दिवसापासून घरातला प्रश्न मिटला. तपासणीला गेली म्हणजे देतलीच, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. मला भीती वाटत होती, हे स्पष्टच सांगते. पोटावर सुरी फिरणार याची भीती, पुढे मलाच काही झालं तर याची भीती. आणि दिगू गेला तर, याची भीती या सगळ्यांहून मोठी. पण हे बोलायला जागाच नव्हती. जे ठरलंच आहे त्याच्याबद्दल काय बोलणार?

एकदा जेवताना मी दिगूला म्हटलं की मी अजून विचार करतेय. तो हसला. डायलिसिसने चेहरा काळवंडला होता, पण जीभ शाबूत होती. "ताई, तुका वाटता तू ठरवतस," तो म्हणाला. "तुझो मेंदू आधीच ठरवून मोकळो झालेलो असता. तुका फक्त मागसून कळवतत." मग त्याने नेहमीच्या उत्साहाने सगळं उलगडून सांगितलं. माणसाचा स्वभाव म्हणजे आईबापांकडून आलेलं रक्त, लहानपणचे संस्कार, पोटात गेलेलं अन्न, काल लागलेली किंवा न लागलेली झोप. यांतलं एकही आपण निवडलेलं नसतं. मग त्यातून जे निघतं ते आपलं कसं? ठराव आधीच झालेला असतो आणि आपण खाली सही करून म्हणतो, हा माझा निर्णय. पुरावाही तयार होता. लहानपणी आंब्याची मोठी फोड तू नेहमी मलाच दिलीस, तेव्हाच सगळं ठरलं होतं.

"मगे ह्या बोलणापण तुझा न्हय," मी म्हटलं. "गप जेव."

आमचे हे म्हणजे माझे यजमान. काजूची बाग आणि भातशेती सांभाळतात, आणि विज्ञानाच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. पण त्यांचंही म्हणणं फिरून तिथेच येत होतं. माणसाच्या हातात काही नसतं, सगळं वरून ठरून येतं. काजूवर रोग पडला की तो पडायचाच होता, गाय व्याली की ती व्यायचीच होती. त्यांना माझी काळजी नव्हती असं नाही. तीच जास्त होती, पण "तू देऊ नकोस" असं म्हणायचा त्यांना धीर होत नव्हता आणि "दे" म्हणायलाही जीभ रेटत नव्हती. म्हणून त्यांनी जोखीम देवीच्या अंगावर टाकली. "पावणाईक इचारूया," ते म्हणाले. "तिचो कौल येंदे, मगे बघूया."

पावणाई आमच्या गावची देवी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर मंगळवारी मी तिच्या पायरीवर डोकं टेकत आले आहे. तिच्यावर माझी श्रद्धा आहे, आणि नुसत्या भीतीपोटी नाही, तिच्याशी बोलायची मला सवय आहे. पण त्या दिवसांत पायरी चढताना माझ्या मनात पहिल्यांदा किंतु आला. दिगू म्हणतो मेंदू ठरवतो, आई म्हणते माझा स्वभाव ठरवतो, हे म्हणतात देवी ठरवते. एरवी एकमेकांशी कशातच न पटणारी ही माणसं एका गोष्टीवर मात्र एकमत होती, की ठरवणारी मी नाही. मग हात जोडून तुझ्यासमोर उभी आहे ती कोण? सगळं तुझंच असेल तर मी तुला वाहायला आणलेलं हे फूल तरी माझं आहे का? देवीवर इतकी चिडून मी आधी कधी घरी आले नव्हते.

परगावच्या वाचकांसाठी कौल म्हणजे काय ते सांगते. देवीच्या पाषाणाला पाणी लावून दोन्ही अंगांना पिटकोळीच्या लाल कळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीसमोर खड्या आवाजात प्रश्न मांडतो, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. मग सगळ्यांचे डोळे त्या पाषाणावर. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न जमवायचं असो, विहीर खणायची असो की भावाभावांची वाटणी, आमच्याकडे कौल घेतल्याशिवाय माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. मीसुद्धा घेतले आहेत आणि ते पाळले आहेत.

मंगळवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. दिगूही आला, कौलावर विश्वास म्हणून नव्हे, गंमत बघायला, असं म्हणून खांबाला टेकून बसला. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहिले. गुरवाने कळ्या लावल्या, नारळ पुढे ठेवला आणि सुरुवात केली. "आई पावणाई, ही तुझ्या घरची सून. हिच्या भावाचो जीव अडलो आसा. ही तेका आपला मूत्रपिंड देतली काय नाय, ता आज तू सांग. देतली तर उजवो दी, नाय तर डावो दी."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

मी हातभर अंतरावर उभी होते. देतली काय नाय, हे माझ्याबद्दल पाषाणाला विचारलं जात होतं, आणि गुरव, आमचे हे, आलेली मंडळी, एकाचीही मान माझ्याकडे वळली नाही. गुरवाची चूक नव्हती, तो रीतीप्रमाणे बोलला. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळे मिटून मी मनातल्या मनात पावणाईला दम दिला. होय, दम दिला. म्हटलं, खबरदार बोललीस तर. उजवा दिलास तरी मी तुझी गुलाम आणि डावा दिलास तरी गुलाम. आज तू तोंड उघडलंस तर तुझं माझं बोलणं कायमचं बंद.

कळ्या पडल्या नाहीत.

मग गुरवाने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. मंडपातल्या पंख्याचा वारा लागतो की काय म्हणून कुणीतरी तो बंद केला, मग वारा लागायला हवा म्हणून दुसऱ्याने चालू केला. उन्हं तापली, पाषाणावरचं पाणी वाळलं, कुंकू वाळलं, नैवेद्याची वेळ झाली. दोन्ही कळ्या जिथल्या तिथे. गुरवाने शेवटी पंच्याने कपाळ पुसलं. "देवीन कळे धरून ठेवल्यान," तो म्हणाला. "आज ती काय बोलूची नाय."

आमचे हे हिरमुसले. पुढच्या मंगळवारी परत लावू, असं गुरवाशी बोलू लागले. दिगूने खांबाजवळून मला हळूच समजावलं की कळीचा चीक वाळला की ती दगडाला घट्ट धरते. असेल. मी त्यावर वाद घालत नाही. पण आमच्या देवळात त्याच दगडावरून, तशाच चिकाच्या कळ्या आजवर पडत आल्या आहेत, आणि त्या दिवशी पडल्या नाहीत, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

मी बाहेर येऊन देवळामागच्या बकुळीखाली बसले. मंडपात आपल्या कौलाची वाट बघत बसलेली एक बाई मागोमाग आली. जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. बांद्याहून आलेय म्हणाली, कुठल्यातरी घरगुती कामासाठी. पिशवीतून तिने गूळ-खोबरं काढलं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि तोंडात घास असतानाच विचारलं, "बाय, तुका देवची आसा काय?"

तुला द्यायची आहे का? बस, एवढंच.

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ज्या आईने जन्म दिला तिने नाही, ज्यांच्याशी संसार केला त्यांनी नाही, ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं त्याने तर नाहीच. आणि माझ्या तोंडून उत्तर आलं, "नाय."

मीच दचकले. वाटलं, आता ही बाई उठून जाईल, निदान नाक तरी मुरडेल. ती शांतपणे खोबरं चावत राहिली. "बरा," ती म्हणाली. "मगे देव नको." मालवणीत देव नको म्हणजे देऊ नको. देवीच्याच अंगणात बसून कुणीतरी मला "देव नको" म्हणत होतं, आणि आभाळ कोसळलं नाही. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. तिने पाठीवर हात फिरवला नाही की उपदेश केला नाही. तिच्या नावाने हाक आली तशी पदर झटकून ती उठली आणि मंडपात गेली. ती पुन्हा कधी दिसली नाही.

हे घरी सांगितल्यावर आमच्या ह्यांनी लगेच ठरवून टाकलं की ती साक्षात पावणाई. मी म्हणते, बांद्याची बाई होती, खोबरं चावताना तिची कवळी वाजत होती. देवी असली तर तिचे उपकार आणि बाई असली तर तिचे उपकार. आधी देवी गप्प राहिली आणि मग बाईने विचारलं, हा क्रम मात्र मी विसरू शकत नाही. पाषाण बोलला असता तर मला विचारायला कुणी उरलंच नसतं.

बकुळीखाली बसल्या बसल्या मला ती आंब्याची फोड आठवली. आई विळीवर आंबा कापायची आणि मोठी फोड दिगूच्या हातात द्यायची. माझ्या हातात आलेली असेल तर काढून द्यायची. "ताई देता हां, शाणी ता," असं वर म्हणायची. म्हणजे माझ्या दातृत्वाचा जो पुरावा घरात इतकी वर्षं मिरवला गेला, ते दान मी केलेलंच नव्हतं. ते माझ्याकडून घेतलेलं होतं, आणि त्याला माझा स्वभाव असं नाव पडलं होतं. मला त्या क्षणी आईचा राग आला, आणि लगेच कीवही आली. तिच्याही हातातून तिच्या आईने अशीच फोड काढून घेतली असणार.

घरी आल्यावर मी चपला काढतानाच जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात कोणी 'देतली' म्हणूचा नाय. माझा ठरला नाय. ठरात तेव्हा मी सांगेन." कौल परत लावायचा नाही, हेही सांगितलं. आईला फोन करून तेच सांगितलं. ती रडली. मी फोन ठेवला नाही, पण शब्दही मागे घेतला नाही. आमचे हे अंगणात जाऊन उगाच झावळ्या गोळा करत राहिले. दिगू भिंतीकडे तोंड करून निजला.

पुढचे दिवस फार वाईट गेले, त्यात काही गोड नव्हतं. दिगूला डायलिसिसला नेताना आम्ही रिक्षात शेजारी बसायचो आणि दोघं दोन बाजूंच्या रस्त्याकडे बघायचो. नकार माझ्या हातात होता आणि तो जड होता. पण तो माझा होता. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना मी पावणाईला म्हणायचे, गप्प बसलीस ते बरं केलंस, आता तशीच बस. देवाने सांभाळावं म्हणून मी आयुष्यभर प्रार्थना केली. त्या दिवसांत पहिल्यांदा, तो मध्ये पडत नाही म्हणून आभार मानत होते.

मग एका संध्याकाळी, कणकवलीहून आल्यावर, दिगू पडवीत बसला. अंगात त्राण नव्हतं. मी त्याच्यापुढे त्याच्या वाट्याचं अर्धा पेला पाणी ठेवलं. त्याने ते उचललं नाही.

"ताई," तो म्हणाला, "माका इचारूचो धीर नाय झालो. तू नाय म्हटलंस तर काय, ही भीती. आणि व्हय म्हटलंस तर तुझ्याकडे कसा बघू, ही त्याहून मोठी. ताई देतलीच, असा म्हटला काय कोणाकडे काय मागूचा लागणा नाय." मग पोरांना वर्गात धडाधड प्रश्न विचारणाऱ्या माझ्या भावाने मला विचारलं, "तुझी एक किडनी माका देशीत?"

माझा नकार जिभेवर तयार होता. खरंच तयार होता. दिगूने तो ऐकला असता, मान हलवली असती आणि पाणी प्यायला असता, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस मला हवा आहे. माझ्याशी भांडायला, माझ्या पूजेची टर उडवायला, माझ्या म्हातारपणी कटकट करायला हवा आहे. आई म्हणाली म्हणून नाही, रक्त जुळलं म्हणूनही नाही.

"देतंय," मी म्हटलं.

देतली नव्हे, देतंय. देते. माझ्या आयुष्यातलं ते क्रियापद भविष्यकाळातून वर्तमानकाळात आलं आणि त्याचा कर्ता मी होते. दिगू ओंजळीत तोंड घालून रडला. मीही रडले. मग म्हटलं, पाणी पी, नाहीतर ते पण मी पितंय.

माणसाला स्वतःची इच्छा असते की नाही, हे कोडं मी सोडवलं असं मी म्हणत नाही. त्यावर शंका घेणारे हुशार असतात, आणि दिगूच्या एकाही मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मला एवढंच कळलं की ही शंका कित्येकदा डोक्यातून निघत नाही, ती संकोचातून निघते. कुणाचंच काही नसतं असं म्हटलं की कुणाकडे हात पसरावा लागत नाही आणि कुणाच्या उपकाराखाली यावं लागत नाही. घरातल्या बाईला विचारावंही लागत नाही. आणि माझ्या मेंदूने ते "देतंय" माझ्या आधी ठरवलं असेल, तर ठरवू दे. मेंदूही माझाच आहे, तो शेजारच्या घरातून आणलेला नाही.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. आमच्या ह्यांना आणि आईला बाहेर बसवलं. कायद्याचाच नियम आहे तसा. त्यांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? मी म्हटलं, "होता. आता नाही." त्यांनी मान वर करून पाहिलं आणि विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की, देवीचासुद्धा नाही.

समर्पण हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, अर्थ सांगत आले. तो मला शस्त्रक्रियेच्या त्या खाटेवर समजला. ज्याच्या हातात काही नाही तो काय अर्पण करणार? आधी ते आपलं व्हावं लागतं, घट्ट मुठीत धरावं लागतं, मग मूठ उघडता येते. पावणाईने माझी मूठ उघडली नाही, तिने ती माझी मलाच परत दिली. भूल चढताना मी तिला म्हटलं, आई, आता घे माझा भार, माझं ठरवून झालं. आणि मला अजिबात भीती वाटली नाही.

दोघंही बरी झालो. पुढच्या हंगामात डॉक्टरांनी दिगूला आंबा खायची परवानगी दिली आणि आम्ही मिठबावला गेलो. आईने पाटीतला पहिला हापूस विळीवर कापला. दिगू तिच्याजवळ पाय पसरून बसला होता आणि त्याची जीभ पुन्हा पूर्वीसारखी चालू लागली होती. "ताई, खरा सांगू?" तो म्हणाला. "काय झाला तरी तू देतलंसच होतंस."

"मगे पावणाईक ता कसा कळाक नाय?" मी म्हटलं.

दिगू हसला, खूप हसला. आईने सवयीने मोठी फोड त्याच्या हातात दिली. ती माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "ताई, तुका व्हयी काय?"

मी ती घेतली. आणि दुसरीसुद्धा घेतली.